पौषांतील पाहुणे

आमच्या घरीं थंडीची वर्दी परीट देतो. हा परीट म्हणजे पांढऱ्या-काळ्या अंगाचें, लांब शेपटी एकसारखी खालींवर हालविणारें एक चिमुकलें पांखरूं. दसरा होऊन चार दिवस गेले, कीं एखाद्या सकाळीं तुळशीवृंदावनाच्या पलीकडे ओल्या जमिनीवर तो तुरुतुरु धांवतांना दिसतो, आणि आमच्या मातोश्री स्वयंपाकघराच्या दारांतूनच म्हणतात, “परीट आला बरें का! आतां रजया उन्हांत घाला.” कोणी त्याला धोबी म्हणतात. संस्कृत कवींनीं सुंदरींच्या चंचल नेत्रांना ज्या खंजनाची उपमा दिली, तोच हा. वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत खंजनदर्शनाच्या शुभाशुभ फलांसाठीं एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. ज्याचें वजन पुरतें तीन तोळेहि भरावयाचें नाहीं, असा हा जीव दरसाल हिमालयाकडून आणि त्याहूनहि दूरच्या उत्तरेकडून आपल्या अंगणांत येऊन उतरतो. आमच्यासारख्या पांढरपेशांना खंजन श्लोकांतून ठाऊक असतो. अंगणांत तो समोर येऊन उभा राहिला, तर मात्र ओळख पटत नाहीं. गेल्या पौषापर्यंत माझीहि तीच स्थिति होती.

गोंदियास आमचे मामा असतात. शाळामास्तरकींत सारा जन्म गेला. आतां वय ऐंशीच्या घरांत. तळ्यांवर येणाऱ्या पांखरांची एक वही ते तरुणपणापासून लिहीत आले आहेत. कोणतें पांखरूं कोणत्या तिथीला प्रथम दिसलें, कोठें दिसलें, किती होतीं, एवढाच त्या वहींतील मजकूर. दरवर्षीं संक्रांतीच्या पत्रांत तिळगुळासोबत तिचा सारांश आम्हांस येई. गेल्या वर्षीं तो आला नाहीं. त्याऐवजीं दोनच ओळी होत्या: “मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण दूरचें बदक मला आतां ठिपक्याएवढें दिसतें. नाताळच्या सुटींत मुलांना घेऊन ये. वही लिहावयास कोणी तरी डोळस हवें आहे.” तें पत्र थोरल्या दादांनीं सर्वांसमक्ष वाचून दाखविलें आणि तेथेंच आमचें जाणें ठरलें. दादांची बारा वर्षांची मुलगी, माझीं दोन मुलें, सौभाग्यवती आणि मी असे पांच जण नागपुराहून निघालों.

वाटेंत वैनगंगा ओलांडली, कीं प्रदेश पालटतो. काळ्या जमिनीचीं, कापसाचीं शेतें मागें राहतात आणि धानाच्या चौकोनी बांध्या लागतात. त्या दिवसांत कापणी उरकलेली असते. बांध्यांतून नुसतें खुंट उरलेलें, जागोजाग धानाचे पुंजणे रचलेले, आणि उभ्या धानांतच फेंकून पेरलेली लाखोळी ओलाव्यावर हिरवी होऊं लागलेली असते. दर दोन-तीन गांवांच्या आड एक तळें चमकतें. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. तळ्यांचा वारसा दोघांचा एकच आहे.

येथें एक गंमत झाली. मोटारींतून जातांना जो तलाव दिसेल तो मामा बोटानें दाखवीत आणि म्हणत, “हा मामा तलाव.” असे चार-पांच झाल्यावर माझ्या धाकट्या चिरंजीवांनीं आदरानें विचारलें, “आजोबा, एवढे सगळे तलाव तुमचे?” मामा पोट धरून हंसले. मग त्यांनीं सांगितलें तें असें: ‘मामा’ हें ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचें संक्षिप्त रूप. जुन्या मध्यप्रांतांत गांवचा सारा गोळा करणारा मालगुजार असे, आणि गांवचें तळें त्याच्या ताब्यांत असे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, तळीं सरकारजमा झालीं, आणि कागदोपत्रीं ‘माजी मालगुजारी तलाव’ असें लांबलचक नांव चढलें. लोकांनीं त्याचें ‘मामा’ करून त्याला घरचें केलें.

तीं खणलीं मात्र मालगुजारीच्याहि पूर्वीं. या भागांत कोहळी नांवाची शेतकरी जात आहे. तळें बांधावें तर कोहळ्यानें, अशी तिची ख्याति. गोंड राजांच्या काळीं त्यांना उत्तेजन मिळालें. उताराची जागा हेरावयाची, दोन टेकड्यांच्या मध्यें मातीची पाळ घालावयाची, जादा पाणी निघून जाण्यास सांडवा ठेवावयाचा, आणि खालच्या बांध्यांना पाटानें पाणी द्यावयाचें, हें सारें त्यांनीं आजच्या यंत्रांवांचून केलें. त्यांनीं तळीं बांधलीं तीं धानासाठीं. परंतु धान पिकवून तळें उतरूं लागलें, कीं कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, त्यांत किडे व कंद सांपडतात; उथळ पाण्यांत पाणवनस्पति दाटतात; शेजारच्या बांध्यांत सांडलेले दाणे असतात. थंडीच्या पांखरांना याहून अधिक काय पाहिजे? उत्तरेकडे बर्फ पडून अन्नाचें दार बंद होतें, त्याच सुमारास झाडीपट्टींतलें हें ताट वाढलेलें असतें. माणसानें आपल्या पोटासाठीं केलेल्या कामांतून असें अन्नछत्र उघडलें, ही गोष्ट मला फार सुंदर वाटली.

दुसऱ्या दिवशीं सूर्योदयापूर्वींच आम्ही परसवाड्याच्या तलावावर गेलों. दंवानें गवत भिजलेलें, पाण्यावर धुकें. मामांनीं मुलांना तीन नियम घालून दिले होते: भडक कपडे नकोत, बोट दाखवून ओरडणें नको, आणि पांखरूं उडेल इतकें जवळ जाणें नको. “आपण आलों म्हणून तें उडालें, तर त्याच्या पोटांतला घांस आपण काढला असें समजा,” ते म्हणाले. पाळीवरच्या एका झाडाआड आम्ही उन्हाकडे पाठ करून बसलों. प्रथम नुसता आवाज होता: हजार जणांनीं एकाच वेळीं हळू बोलावें तसा. मग धुकें विरलें, आणि पाणी म्हणून जें दिसत होतें त्यांतील अर्धें बदकांचें निघालें.

दुर्बीण पुतणीच्या हातीं होती. ती वर्णन सांगे आणि मामा नांव सांगत. “मान लांब, शेपटी सुईसारखी, छाती पांढरी.” “तलवार बदक. थेट सैबेरियाकडचा पाहुणा.” “चोंच पळीसारखी चपटी.” “थापट्या. पाणी गाळून खातो.” “डोकें शेंदरी, चोंच लाल.” “मोठी लालसरी.” “अगदीं लहान, डोक्यावर तपकिरी, डोळ्यावरून हिरवा पट्टा.” “चक्रांग.” काळ्या अंगाचा, कपाळीं पांढरी खूण असलेला एक पाणपक्षी थव्याथव्यानें चालला होता, त्याचें मराठी नांव ‘वारकरी’ आहे, हें ऐकून मुलें हरखलीं. कपाळावरचा पांढरा गंध आणि तें दाटीनें चालणें पाहून ज्या कोणी हें नांव ठेविलें असेल, त्याच्या नजरेला नमस्कार करावासा वाटतो. कडेच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटें पसरून चालत होते. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. हीं दोन्ही बारमाही राहणारीं, घरचीं माणसें. पाहुणे आणि घरचे एकाच पंक्तीस बसलेले होते.

इतक्यांत तळ्यापलीकडच्या बांधींतून तुतारीसारखा एक आवाज उठला, आणि त्याला लागूनच दुसरा. मामांच्या डोळ्यांनीं दगा दिला असेल, कानांनीं नाहीं. ते ताडकन् उभे राहिले. “सारस!” लाखोळींत दोन उंच राखी पक्षी माना वर करून एकस्वरानें ओरडत होते. डोकें व मान तांबडीलाल, पाय लालसर, उंची माणसाच्या बरोबरीची. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाहीं. त्यांच्या पायांशीं तपकिरी डोक्याचें, अर्धवट वाढलेलें पिलूं होतें. पावसाळ्यांत जन्मलेलें पिलूं थंडीभर आईबापांना सोडीत नाहीं. आदिकवीच्या मुखांतून पहिला श्लोक ज्याच्या शोकानें बाहेर पडला तो क्रौंच म्हणजे हा सारसच, असें कांहीं विद्वान मानतात.

त्या बांधीचे मालक धुऱ्यावर उभे होते. मामांना पाहून ते जवळ आले. “या जी गुरुजी! यंदा पोर बी आहे संगं.” घरटें त्यांच्याच धानांत झालें होतें. सारस चिखलांत गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडीं घालतो, महिनाभर नर-मादी आळीपाळीनें उबवितात, आणि तेवढ्या जागेंतलें पीक तुडविलें जातें. मी नुकसानीविषयीं विचारलें. ते म्हणाले, “चार हात धान गेला तर गेला जी. त्याईनं आपल्या बांधीत घर मांडलं. लेकरावानी आहेत. हाकलाचं कसं?”

हें उत्तर ऐकून मी गप्प राहिलों. कारण त्यामागची हकीकत मामांनीं आदल्या रात्रींच सांगितली होती. महाराष्ट्रांत सारसाची वीण आतां बहुतांशीं या एका जिल्ह्याच्या आश्रयानें उरली आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत थोडेसे, आणि नदीपलीकडे मध्यप्रदेशांतील बालाघाटांत कांहीं. जून महिन्यांत, पाणी आटून सारस थोड्या जागीं गोळा होतात तेव्हां, वनविभाग आणि गोंदियाच्या ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते त्यांची गणती करतात. एके काळीं चाळिसाच्या आसपास भरलेली ही संख्या अलीकडे तिसाच्या आसपास उतरली. कारणें ठरलेलींच: शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा, पिकांवरील विषारी औषधें, बुजत चाललेल्या पाणथळ जागा, मोकाट कुत्रीं. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन तो जनहित याचिका म्हणून चालविला. न्यायालय हुकूम देईल, वनविभाग तारा हालविण्याचा आग्रह धरील. पण श्रावण-भाद्रपदांत घरट्याशेजारून नांगर वळवावयाचा कीं नाहीं, हें त्या शेतकऱ्याच्याच हातीं राहतें. आपल्या धर्मग्रंथांत अतिथिधर्माची थोरवी आम्ही वाचतों. ती पाळतांना पाहिली ती त्या धुऱ्यावर.

रात्रीं शेगडीभोंवतीं बसलों असतां पुतणीनें विचारलें, “आजोबा, वही लिहावयाचें तुम्हांला सुचलें कसें?” मामा थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “ही गोष्ट मी तुझ्या बाबालाहि सांगितलेली नाहीं.”

सन १९६५ च्या सुमारास ते महाविद्यालयांत असतांना एका मित्राजवळ बंदूक होती. तेव्हां बदकांची शिकार ही सुटींतली करमणूक समजली जाई. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. मामा स्वतः गोळी झाडीत नसत. ते काडतुसांची पिशवी धरीत. एके सकाळीं एक तलवार बदक पंख मोडून पाण्यांत पडलें, आणि तें आणावयास त्यांना कमरेइतक्या पाण्यांत जावें लागलें. “मेलेलें असेल म्हणून मी हात घातला,” मामा म्हणाले, “तों तें ऊन होतें. मुठींत त्याचें काळीज असें धडधडत होतें, कीं तें त्याचें कीं माझें हें मला कळेना.” घरीं आल्यावर ही वार्ता आमच्या आजीच्या कानीं गेलीच. तिनें आरडाओरड केली नाहीं. स्नानाला पाणी काढून दिलें, जेवावयास वाढलें. तिघांचीं पानें उठल्यावर तिनें एवढेंच विचारलें, “इतक्या लांबून तो आपल्या गांवीं उतरला होता ना रे? दारीं आलेल्याला तुम्हीं काय दिलेंत?”

दुसऱ्या दिवशीं मामांनीं बाजारांतून वही विकत आणली.

तिसऱ्या दिवशीं आम्ही दक्षिणेकडे, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधास गेलों. गोंदियापासून हें सुमारें पासष्ट किलोमीटर. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें टेकड्यांच्या मधल्या खिंडी बुजवून हा विस्तीर्ण जलाशय बांधिला. भोंवतालच्या सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालतांना त्यांनीं साह्य केलें अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलालाहि लोकांनीं देवपण दिलें. ‘कोलासूर’ म्हणून एका शिखरावर त्याचें ठाणें आहे. आपल्याकडे राजांचे पुतळे होतात. तळें बांधणारा शेतकरी देव झालेला मी येथेंच पाहिला. हें अरण्य १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. शेजारच्या नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० चें, आणि २०१३ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला.

मराठी वाचकाला नवेगांवबांध म्हटलें, कीं मारुती चितमपल्ली यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. १९३२ सालीं सोलापुरास जन्मलेल्या या वनाधिकाऱ्यानें येथें नोकरी केली ती शिष्य होऊन. ढिवर, गोंड, पारधी यांच्या तोंडची पांखरांचीं व झाडांचीं नांवें त्यांनीं टिपून घेतलीं. ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलें, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ च्या जूनमध्यें ते निवर्तले. मामांच्या वहींत त्या दिवशींच्या तारखेपुढें त्यांचें नांव आहे, आणि बाकीचें पान कोरें आहे.

जलाशयाच्या एका वाळवंटी टोंकावर आम्हांस केशरी-पिंगट रंगाचें बदकांचें एक जोडपें दिसलें. “चक्रवाक!” मामांनीं सौभाग्यवतींना सांगितलें, आणि ती क्षणभर विश्वासच ठेवीना. रात्रीं नदीच्या दोन तीरांवर विरहांत तळमळणारें जें जोडपें आपण काव्यांतून पाहिलें, तें येथें भरदुपारीं निवांत चोंचीनें पंख साफ करीत होतें! रात्रीं चरतांना नर-मादी एकमेकांपासून लांब जातात आणि परस्परांना साद घालतात, यावरून कविसंकेत निघाला असावा. लडाख-तिबेटकडे, कड्यांच्या बिळांतून यांची वीण होते.

मामांना मात्र दुसऱ्याच एका पाहुण्याची प्रतीक्षा होती. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हंस; हिमालय ओलांडतांना हा सात हजार मीटरांहूनहि उंच गेल्याची नोंद आहे. कालिदासाचे हंस मानसाकडे निघतात, ते परतीच्या वाटेवरचे. पूर्वीं कांहीं हिंवाळ्यांत मामांनीं ते पाहिले होते. आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलों. हंस आले नाहींत. पुतणीनें विचारलें, “नाहीं आले, हें लिहूं कां?” मामा म्हणाले, “लिही. आलेल्याची नोंद कोणीहि ठेवतो. न आलेल्याची ठेवली तरच पुढच्या माणसाला कळतें कीं पूर्वीं कोणी येत होतें.”

परततांना वाटेवरच्या एका लहान तलावापाशीं थांबलों. त्याचें अर्धें पात्र बेशरमीच्या झुडपांनीं भरलें होतें. ही परदेशी वनस्पति एकदां शिरली, कीं देशी पाणगवत जातें, माशांना अंडीं घालावयास जागा उरत नाहीं, बदकांना खाणें उरत नाहीं. पूर्वीं गांवकरी उन्हाळ्यांत तळ्यांतला गाळ काढून शेतांत घालीत. तळें खोल राही आणि शेतालाहि खत मिळे. तळीं सरकारचीं झालीं, आणि कोणाचींच नव्हेत अशी कित्येकांची गत झाली. पण याच तालुक्यांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनीं, विशेषतः त्यांतील स्त्रियांनीं, कांहीं तळ्यांतील बेशरम हातानें उपटून काढली आणि चिखलांत देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या. मासे वाढले, आणि त्यांच्यामागून पांखरेंहि आलीं. पाहुणा यावा असें वाटत असेल तर आधीं घर झाडावें लागतें, हें त्या बायांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

निघतांना मामांनीं ती वही पुतणीच्या हातीं दिली. तिनें ती आतां आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेविली आहे. वाचकहो, आपणांपैकीं प्रत्येकाला गोंदियास जाणें साधेलच असें नाहीं. साधलें तर मार्गशीर्ष-पौषांत मुलांसह अवश्य जावें. पण एक गोष्ट घरबसल्या होण्यासारखी आहे. घरांत एक कोरी वही ठेवावी, अंगणांत वा गच्चीवर पहिला परीट दिसला कीं तिथि लिहावी, आणि तें काम घरांतील सर्वांत लहान लिहितां येणाऱ्या मुलाकडे सोंपवावें. गांवचें तळें कोणी बुजवूं लागला, तर अशा वह्या पुढें ठेवून बोलतां येतें.

यंदा दसऱ्यानंतर पांचव्या दिवशीं मातोश्री स्वयंपाकघरांतून नेहमीचें वाक्य बोलणार, तोंच पुतणी अंगणांतून धांवत आली आणि कोनाड्यांतली वही घेऊन बसली. तिनें लिहिलें: “आश्विन पौर्णिमा. परीट एक. तुळशीपाशीं.” आणि तेंच पोस्टकार्डावर उतरून तिनें तें गोंदियास पाठविलें.